तंजावर कोणाच्या तोंडून ऐकायचं?

महाराष्ट्रातून दक्षिणेची सहल निघते तेव्हा तंजावरच्या वाट्याला बहुधा एखादी सकाळ येते. बस बृहदीश्वराच्या गोपुरासमोर उभी राहते, गाइड पुढे आणि मंडळी मागे अशी एक फेरी होते, नंदीजवळ फोटो निघतात आणि जेवायला बस पुढच्या गावी जाते. चोळ, नायक आणि भोसले अशा तीन घराण्यांच्या राजधानीला एवढा वेळ देणं हा त्या गावावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काका आणि ताईबरोबर मी तिकडे गेलो तेव्हा आम्ही सवडीनं राहिलो. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कुठेही गेले तरी माणसांना विचारत विचारत गाव समजून घेणारे. ताई इतिहास शिकवते, मोडी सहज वाचते, आणि आधी पुस्तक मग गाव असा तिचा क्रम. गाइड घ्यावा की नाही, यावरून दोघांचं जे वाजलं ते थेट परतीच्या गाडीपर्यंत चाललं. त्यातला महत्त्वाचा भाग इथे देतो. तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाला या वादाचा उपयोग होईल.

ताई: काका, सकाळच्या गाइडनं काय सांगितलं ते आठवा. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही. वरचा घुमट ऐंशी टनांचा, एकाच दगडातला. आणि आपण मराठी आहोत हे कळल्याबरोबर, सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळालं. यातलं एकही टिकत नाही. देवळाचं मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांनी घुमटात अनेक शिळांचा जोड असल्याचं नोंदवलंय. सांबाराच्या गोष्टीला कुणी जुना कागद दाखवलेला नाही. आणि सावली तर चार वाजता अंगणात पसरलेली आपणच पाहिली.

काका: पाहिली ना? त्यानं सावलीचा विषय काढला म्हणूनच पाहिली. नाहीतर तू त्या सुमारे दोनशे फुटी विमानाकडे मान वर करून बघत बसली असतीस, खाली बघितलंच नसतंस.

ताई: म्हणजे चुकीचं सांगितलं तरी चालेल?

काका: चालेल असं मी म्हणत नाही. पण गाइड नको म्हणणं वेगळं आणि हा गाइड नको म्हणणं वेगळं. बांधावर गेलो की मी पहिल्यांदा तिथल्या चौकीदाराला गाठतो. तोही दहा गोष्टी सांगतो, त्यातल्या चार पोकळ असतात. उरलेल्या सहा कुठल्याच फायलीत नसतात.

ताई: त्या चार पोकळ गोष्टींमुळे खरं नवल झाकलं जातं, हे माझं दुखणं आहे. कावेरीच्या गाळाच्या सपाट प्रदेशात बांधकामाचा दगड नाही. तरीही तेरा मजल्यांचं ग्रॅनाइटचं विमान उभं राहिलं. चोळ राजा राजराजानं आपल्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षातल्या २७५व्या दिवशी शिखरासाठी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कलश दिला. म्हणजे साल १०१०. एक हजार वर्षांपूर्वीच्या इमारतीची तारीख दिवसापर्यंत सांगता येते, आणि ती खुद्द इमारतीवर कोरलेली आहे. हे ऐकल्यावर सावलीची गोष्ट कुणाला लागते?

काका: ही तारीख तुला कुठं मिळाली?

ताई: पुस्तकात.

काका: आणि दगडावर? तू चौथऱ्याला हात लावून उभी होतीस. एक अक्षर तरी लागलं?

ताईला तमिळ येत नाही, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पण काका तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकाला सांगून एक निवृत्त तमिळ शिक्षक मिळवले होते. ते संध्याकाळी आमच्याबरोबर देवळात आले. त्यांनी शिखराकडे बोटसुद्धा केलं नाही. विमानाच्या चौथऱ्याशी वाकून ते एकेक ओळ बोटानं दाखवत गेले, आधी तमिळमध्ये वाचायचे, मग इंग्रजीत सांगायचे.

राजराजाची आज्ञा तिथे आहे: आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीनं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. पुढे दागिन्यांची वजनं येतात, मूर्तींची मापं येतात. एक नंदादीप कायम तेवत राहावा म्हणून ९६ मेंढ्या कोणाच्या हवाली केल्या आणि त्यानं रोज किती तूप आणून द्यायचं, हे लिहिलंय. मग येतात ४०० नर्तकी. वेगवेगळ्या गावांच्या देवळांतून आणून त्यांना तंजावरला वसवलं. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली ते, इथे तिला मिळालेली गल्ली, गल्लीची बाजू आणि घराचा क्रमांक. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. त्यांच्यानंतर नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, गायक, वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, पाणके, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सोनार.

त्या गृहस्थांनी एका बाईचं नाव वाचलं, तिची गल्ली सांगितली आणि देवळाबाहेर हात करून ती साधारण कुठल्या बाजूला असेल ते दाखवलं. मी अनेक देवळं पाहिली आहेत. देऊळ म्हणजे पगारपत्रक असलेली, शेकडो घरं चालवणारी संस्था होती, हे मला इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

काका: आता बोल. हे पुस्तकातून मिळालं असतं?

ताई: मजकूर मिळाला असता. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी तो इंग्रजी अनुवादासह छापलाय.

काका: आणि गल्ली कुठं ते?

ताई: ते नसतं मिळालं. तेवढं मान्य. पण काका, तुमचे हे मास्तर गाइडांच्या रांगेत नव्हतेच. त्यांना शोधावं लागलं. रांगेतला गाइड समोरच्याचा चेहरा बघून बोलतो. आपण मराठी बोलताना दिसलो की तो राजराजाला गुंडाळून ठेवतो आणि सरळ नैर्ऋत्येच्या भिंतीकडे घेऊन जातो.

काका: मग त्यात वाईट काय? आपल्या माणसांनी देशावरून एवढ्या लांब येऊन राज्य केलं. तमिळनाडूच्या मध्यभागी, चोळांच्या देवळात, मराठीतला एवढा मोठा शिलालेख! माझ्या अंगावर काटा आला.

ताई: माझ्याही आला. आणि तो मी घडाघडा वाचला, त्यासाठी गाइड लागला नाही.

काका: कारण तिथं गाइड तूच होतीस. आपले मास्तरसुद्धा तुला थांबवून अर्थ विचारत होते.

ताई: होते. पण मी त्यांना जे सांगितलं ते सकाळच्या गाइडनं एकाही मराठी माणसाला सांगितलं नव्हतं. हे भोसले वंशाचं चरित्र १८०३मध्ये कोरलं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेनं बाबूराव चिटणिसांनी ते लिहिलं. आणि १७९९च्या तहानं सरफोजींनी राज्याचा कारभार इंग्रजांकडे दिलेला होता. त्यांच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढंच उरलं होतं. राज्य गेल्यावर चार वर्षांनी एक राजा आपल्या घराण्याची हकिकत दगडावर लिहून ठेवतो आहे, हे कळल्यावर तो लेख वेगळा वाचला जातो. नुसता ‘जगातला मोठा शिलालेख’ म्हणून फोटो काढून परत फिरणं मला सोसत नाही.

काका: हे मला माहीत नव्हतं.

ताई: सुरुवातही तशीच. व्यंकोजीराजे १६७५-७६च्या सुमारास इथे आले ते विजापूरचे सरदार म्हणून. १६७७मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम नदीच्या काठी सावत्र भावाला भेटले, वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रात्रीतून निघून गेले. गाइड हा भाग गाळतो, कारण मराठी गिऱ्हाइकाला तो आवडणार नाही असं त्याला वाटतं.

काका: आपण तरी कुठं विचारतो? आपल्याला दोन भाऊ गळ्यात गळे घातलेलेच हवे असतात.

ताई: हेच मला म्हणायचं होतं. अभिमान वाटायला तंजावरात खरं सामान भरपूर आहे. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे. त्यांच्या नावावर मराठी नाटकं आहेत, सांगलीला १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं त्याच्या दीडशे वर्षं आधीची. त्याच राजांनी तेलुगूतही लिहिलं. सरफोजींच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचं ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक १८०६मध्ये छापलं गेलं. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, ज्यांनी आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा क्रम घालून दिला. सरफोजींनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली. देवळात कोरलेल्या त्या ४०० बायका आणि हे चार भाऊ एकाच गावचे, मध्ये आठशे वर्षं. असं सांगणारा गाइड मिळाला तर मी त्याच्या मागे दिवसभर फिरेन.

सरस्वती महाल ग्रंथालयात ताईचा दिवस गेला. नायकांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजींनी वाढवला. काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडूनही त्यांनी पोथ्या आणल्या. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं, आणि मोडी कागदांची बाडं. काका तिथे फार रमले नाहीत. ते राजवाड्याच्या कलादालनात गेले आणि तिरुवेंकाडूहून आलेल्या, १०११ सालच्या शिवाच्या ब्राँझमूर्तीसमोर बसून राहिले. नंदीवर कोपर टेकून उभा असलेला शिव, पण नंदी आता नाही. रिकाम्या जागेवर टेकलेला तो हात इतका सैल आणि निवांत आहे की नंदी नसल्याचं आधी लक्षातच येत नाही. तंजावरात एकच वस्तू बघायला वेळ असेल, तर मी ही मूर्ती सांगेन.

गावाबाहेरच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा वादाचं पारडं फिरलं. कल्लणै हा बंधारा काकांचा हट्ट होता.

ताई: राजधानी बघायला येऊन बंधारा?

काका: राजधानी इथं का झाली, हे बंधाऱ्यावर कळतं. बघ, श्रीरंगमच्या वर नदीचे दोन फाटे होतात, कावेरी आणि कोळ्ळिडम. इथं ते पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडमचं पात्र खोल. मोकळं सोडलं तर सगळं पाणी तिकडे उतरणार आणि समुद्रात जाणार, तंजावरची शेतं कोरडी. म्हणून मध्ये बांध घालून पाणी कावेरीतच ठेवलं आणि फक्त पूर तिकडे सोडला. परंपरा करिकाल चोळाचं नाव सांगते. आज वर दिसतात ती दारं आणि पूल ब्रिटिश काळातले, जुना बांध त्याच्या पोटात आहे. राजराजाच्या त्या चारशे बायकांना प्रत्येकी शंभर कलम भात कुठून आलं असतं? इथून.

ताई: वाळूत पाया कसा धरला?

काका: खरी करामत तीच. मोठमोठे दगड नदीत टाकायचे. ते वाळूत रुततात, बसतात. त्यावर आणखी टाकायचे. रुतायचे थांबले की वर बांध. ब्रिटिश इंजिनिअर सर आर्थर कॉटन आला आणि त्यानं हे बघितलं. तळ न लागणाऱ्या वाळूत पाया कसा घ्यायचा हे आपण या लोकांकडून शिकलो, असं त्यानं मोकळेपणी लिहून ठेवलंय. १८३६च्या सुमारास त्यानं कोळ्ळिडमवर दोन बंधारे घातले, एक वर आणि एक खाली. तोच पुढे आपल्या नाशिकहून निघणाऱ्या गोदावरीवर, धवळेश्वरमला गेला. तिथले शेतकरी आजही त्याला देवासारखा मानतात.

काका हे बोलत होते तेव्हा आसपास उभे असलेले दोन-तीन सहलीवाले त्यांचं ऐकायला सरकले. नदीचा उतार हातानं दाखवत समजावणारा माणूस त्या बंधाऱ्यावर दुसरा नव्हता.

कुंभकोणमच्या बाजूला दारासुरम भरभर झालं. दुसऱ्या राजराजाचं हे बाराव्या शतकातलं देऊळ कोरीवकामाचं आहे, आणि कोरीवकाम वर्णनानं पोचत नाही. तिथे अर्धा दिवस द्यावा आणि तोंड बंद ठेवावं. स्वामिमलैला ओतारी मेणाच्या मूर्तीवर कावेरीची बारीक माती थापताना पाहिले. मग गंगैकोंडचोळपुरम.

राजराजाचा मुलगा राजेंद्र. त्याचं सैन्य गंगेपर्यंत गेलं, तिथलं पाणी आणलं आणि इथल्या तलावात घातलं. त्या तलावाला ताम्रपटात पाण्याचा जयस्तंभ म्हटलंय. १०२५च्या सुमारास त्यानं तंजावर सोडून इथे राजधानी आणली. पुढची सुमारे अडीचशे वर्षं चोळांचं राज्य इथून चाललं. आज तिथे एक खेडं, एक भव्य देऊळ आणि माळिगैमेडूला उकरून काढलेले राजवाड्याचे विटांचे पाये आहेत. तिथल्या गाइडनं शिव आपल्या चंडेश या भक्ताच्या मस्तकाला हार गुंडाळतो ते शिल्प फार आस्थेनं दाखवलं. ताईनं त्याला एकच विचारलं: देवळाचा बाहेरचा तट कुठे गेला? तो म्हणाला, काळाच्या ओघात पडला.

ताई: काका, पडला नाही. नेला. १८३६मध्ये कोळ्ळिडमवरच्या खालच्या बंधाऱ्यासाठी घडीव दगड हवा होता, म्हणून हा तट आणि गोपुराचा भाग उतरवला. गावकऱ्यांनी विरोध केला, त्यांना शिक्षा झाली. दगडाऐवजी विटांचा तट बांधून देऊ असं सांगितलं गेलं, तो कधी बांधला गेला नाही. एकोणिसाव्या शतकातच हे छापून आलंय.

काका: कॉटनच्या बंधाऱ्यासाठी?

ताई: हो. तुमच्याच.

काका: या मुलखात दगड नाही, हे तूच सांगितलंस. जवळचा घडीव दगड हाच. इंजिनिअर म्हणून मला त्याची अडचण कळते.

ताई: अडचण मलाही कळते. गावकऱ्यांना शिक्षा करणं कळत नाही.

काका: त्याचं समर्थन मी करणार नाही. वचन देऊन न पाळणं तर त्याहून वाईट. पण पुढचं ऐक. त्या बंधाऱ्यावरून वडवार कालवा निघतो आणि वीराणम तलावात जातो. तो तलाव चोळांनीच दहाव्या शतकात बांधलेला. आणि २००४पासून वीराणमचं पाणी नळानं चेन्नईला जातं. राजेंद्राच्या तटाचा दगड आज त्याच्याच पूर्वजांच्या तळ्यात पाणी लोटतोय, आणि ते पाणी चेन्नईतली माणसं पितात.

ताई: म्हणून तट नेला ते योग्य झालं?

काका: नाही. पण नुसतं ‘लुटलं’ म्हणून तू विषय बंद करशील, तर अर्धीच गोष्ट सांगशील.

ताई: आणि तुम्ही नुसतं ‘कॉटनसाहेब’ म्हणाल, तर तुमची अर्धी.

यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि ते व्हावं असं मला वाटलंही नाही. मला खटकलं ते दुसरंच. देवळाच्या गाइडला बंधारा माहीत नव्हता. बंधाऱ्यावरच्या माणसाला देवळाचा तट माहीत नव्हता. सहलींची वाटणीच तशी झालेली आहे: देवळांची सहल वेगळी, ग्रंथालय बघणारे वेगळे, आणि नदी तर कुणाच्याच कार्यक्रमात नाही. राजधानी मात्र या सगळ्याची मिळून झालेली असते. ताईचं पुस्तक आणि काकांची विचारपूस एकाच गाडीत नसती, तर त्या दगडांची पूर्ण हकिकत आमच्यापैकी कुणालाच कळली नसती.

म्हणून मी गाइडच्या बाजूनं आहे, पण प्रश्न आपले हवेत. गाइड आपल्याला हवं ते सांगतो, ही ताईची तक्रार खरी आहे, आणि तिचा उपायही तिच्यातच आहे: आपण वेगळं मागायला लागलो की तोही वेगळं वाचायला लागेल. मराठी प्रवासी वर्षानुवर्षं फक्त भोसल्यांची भिंत मागत राहिले, तर तेवढीच भिंत दाखवली जाईल. आपण या गावात पाहुणे होतो, मग राज्यकर्ते झालो. त्याआधी कित्येक शतकं चोळांच्या हिशेबाची वही तिथे दगडावर उघडी होती. ती आधी वाचून घ्यावी, मग आपला मजकूर.

तंजावरला निदान दोन मुक्काम ठेवा. देऊळ दुपारी बंद असतं, तेव्हा सकाळ देवळाला, दुपार राजवाड्याला आणि ग्रंथालयाला द्या. तमिळ शिलालेख वाचून दाखवेल असा माणूस आधीच शोधा, त्याला योग्य मोबदला द्या. मोडी येत असेल तर सरस्वती महालात जरूर जा. १९१८पासून ते ग्रंथालय सर्वांसाठी खुलं आहे. आणि कुंभकोणमहून गंगैकोंडचोळपुरमला जाताना वाटेत अणैक्करै लागतं. खालचा बंधारा तिथेच आहे. सहलीच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. चालकाला थांबवायला सांगा.